शेळी उशिरा उडते

गेम खेळायचा पगार मिळतो म्हटल्यावर लोक डोळे विस्फारतात. ‘मज्जा आहे बुवा तुझी!’ मज्जा कसली डोंबलाची! मिठाईवाल्याला विचारा, तो घरी गेल्यावर गोड खातो का. उडीमास्तर वर्षानुवर्षं गेमची परीक्षणं लिहीत आला होता, आणि त्यातले निम्मे गेम असे, की वैऱ्यालाही खेळायला देऊ नयेत.

उडीमास्तर हे नाव वाचकांनी ठेवलेलं. चिडली की बायकोही त्याच नावानं हाक मारायची. उड्या मारत पुढं जायचे गेम हा त्याचा प्रांत. कडे, खड्डे, हलत्या फळ्या. एका टोकावरून दुसऱ्या टोकावर झेप, हुकली की खाली. त्याची कामाची रीतही जगावेगळी. नवा गेम आला की पहिली अख्खी सकाळ तो एक पाऊल पुढं टाकायचा नाही. सुरुवातीच्या जागीच उभं राहून नुसत्या उड्या. अंगठ्यानं बटण दाबलं आणि पडद्यावरचा पाय जमिनीवरून सुटला, या दोहोंत किती अंतर पडतं, एवढंच बघायचा. चित्रं, संगीत, गोष्ट, सगळं जेवणानंतर. उडी दाबल्यासरशी लागली तर लिहायचा, ‘या गेमला हात आहे.’ रेंगाळली तर, ‘हात नाही.’ हा शब्द त्यानंच काढलेला. पुढं पुढं दुकानात गिऱ्हाईकंही तेच विचारायला लागली, ‘हात आहे का हो या गेमला?’

आणि शेळी म्हणजे त्याचा जीव की प्राण. गळ्यात घंटा, एक शिंग मोडलेलं, अशी एक शेळी कड्यावरून कड्यावर उडत हरवलेल्या कळपाचा माग काढते, असली ती मालिका. पहिला भाग आला तेव्हा तो कॉलेजात होता आणि परीक्षा सोडून शेळीमागं लागला होता. नापास झाला, वडिलांनी बोलणं टाकलं. पण त्या शेळीवर लिहिलेल्या लेखानंच पुढं ही नोकरी दिली. तेव्हापासून प्रत्येक भाग त्यानंच तपासायचा, हे ठरूनच गेलेलं.

यंदा नववा भाग आला. त्यानं चहा ओतून घेतला, खुर्ची पुढं ओढली आणि बटण दाबलं. शेळी उडाली, पण जरा थांबून. आळशी माणसाला हाक मारावी आणि त्यानं ‘आँ?’ करून मग उठावं, तशी. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. पहिल्या कड्यापाशी नेली तर बया सरळ खाली गेली.

अडाणी माणूस इथंच शिव्या घालायला लागला असता. हा गडी मुरलेला. आधी त्यानं कंट्रोलरचे सेल बदलले. मग कंट्रोलरच बदलला. मग टीव्हीवर संशय आला, कारण काही टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते उशिरा दाखवतात. तेही सगळं बंद करून पाहिलं. शेवटी वायरसुद्धा नवी आणली. शेळी आपली खाली ती खालीच.

मग मात्र त्याचं डोकं फिरलं. दुसऱ्या कुठल्या गेमचं त्याला काही वाटलं नसतं, पण शेळीचं असं व्हावं? डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. त्यानं तोंड वाजवलं नाही, लेखणी वाजवली. ‘ज्यांनी आम्हाला उडी म्हणजे काय ते शिकवलं, तेच उडी विसरले. देखावे बघावेत असे, गाणं गुणगुणावं असं, पण नवव्या शेळीला हात नाही.’ दहापैकी तीन गुण दिले आणि लेख पाठवून मोकळा झाला.

संपादकबाईंचा फोन लगेच आला. बाई त्याच्याहून वयानं मोठ्या, पहिल्या दिवसापासून त्याला ओळखणाऱ्या.

‘अरे, काय लिहिलंयस हे? बाकी सगळीकडं या शेळीच्या आरत्या चालल्यात.’

‘चालू द्या. त्यांना कळतं काय? उंटावरून शेळ्या हाकतात सगळे.’

‘मी स्वतः खेळले. मला तर बरी वाटली उडी.’

‘बाई, तुम्हाला बरीच वाटणार. मला वेळेवर हवी.’

‘शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. किती माणसं राबली असतील त्या उडीवर. तू म्हणतोस तर छापते. तुझ्या शब्दावर आजवर कधी शंका घेतलेली नाही. उद्या दुपारी टाकणार आहे, तोवर एकदा नीट बघ, एवढंच.’

नीट बघ! उडीमास्तरला नीट बघायला सांगणं म्हणजे न्हाव्याला कात्री दाखवणं. तिरीमिरीत उठला आणि पलंगाखालून जुनं मशीन ओढून काढलं. त्यात शेळीचा पहिला भाग होता. खरी उडी कशी असते ते ताडून घ्यायचं, दोन्हींची तुलना लेखात घालायची आणि बाईंचं तोंड बंद करायचं, असा बेत.

पहिल्या भागाचा पहिला कडा तो झोपेतही पार करायचा. पूर्वी मित्रांशी पैजा लावून डोळ्यांना रुमाल बांधून केलेला. त्यानं शेळी पळवली, टोकाशी आली, बटण दाबलं. शेळी खाली गेली.

पुन्हा गेली. पुन्हा गेली.

‘मशीन जुनं झालंय,’ तो मोठ्यानं म्हणाला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मशीन जुनं झालं की बंद पडतं, चित्र फाटतं, आवाज घोगरा होतो. फक्त उडीच तेवढी उशिरा, आणि तीही नव्या गेमइतकीच उशिरा, असं होत नाही. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्याला एकदम वडील आठवले. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. एका वर्षी त्यांनी कुरकुर सुरू केली, ‘हल्ली स्क्रूच वाकडे येतात. कारखान्यात चोर बसलेत नुसते.’ दुकानदाराशी भांडून स्क्रू बदलून आणले. चिमटे बदलले. दिवा बदलला. सगळ्यांना पटलंसुद्धा, की कारखान्यातच चोर असणार. पुढं डॉक्टरांनी कंपवात सांगितला. कंपवात म्हटलं की लोकांना थरथरता हात आठवतो. पण वडिलांची थरथर फार नंतर आली. आधी हात नुसता मागं राहायला लागला. सांगितलेलं ऐकायचा, पण सावकाश. शेवटी शेवटी ते आपल्या दुकानात जाऊन बसायचे, हात मांडीवर ठेवून, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला पुढच्या गल्लीतल्या दुकानात पाठवायचे.

त्यानं स्वतःच्या उजव्या हाताकडं पाहिलं. हात कसा दिसायचा तसाच दिसत होता. पण बायको कितीतरी दिवस बोलत होती. ‘शर्टाची बटणं लावतोस की देऊळ बांधतोस?’ ‘तुझं अक्षर मुंगीएवढं का व्हायला लागलंय? कागद महागला का?’ ‘चालताना तो एक हात काय भाड्यानं आणल्यासारखा वागवतोस?’ तो हसायचा. तीही हसायची. आता मात्र तो घाबरला.

पण माणूस मोठा चिवट असतो. अजूनही त्याच्या मनात होतं, की दोन्ही गेम खोटे ठरावेत आणि आपला अंगठा खरा. देवाला नवस बोलावा तसं तो मनातल्या मनात म्हणाला, उडी उशिराच लागू दे.

बायको शाळेची बस चालवायची. पोरं सोडून, बस लावून ती घरी आली तेव्हा तो नवा गेम लावूनच बसला होता.

‘ये, बस इथं. एक काम आहे. ही शेळी उशिरा उडते.’

‘मी? मला कुठं येतंय ते? भाजी कोण चिरणार?’

‘चिरू नंतर. हे बटण. शेळी कड्याच्या टोकाशी आली की दाबायचं. बाकी मी सांगतो.’

तिनं हात पुसले, कंट्रोलर असा धरला जसं काही तो चावणार आहे, आणि बसली. गाडीवरची बाई ती. सिग्नलला, खड्ड्याला, मध्येच धावत सुटणाऱ्या पोराला तिचा पाय बरोब्बर वेळेवर जायचा. त्यानं शेळी पळवायचं बटण दाखवलं. शेळी पळाली, टोकाशी आली. तिनं दाबलं.

शेळी उडाली. घंटा वाजली. शेळी पलीकडं अलगद उभी.

‘अगंबाई! गेली की!’

‘पुन्हा,’ तो म्हणाला.

पुन्हा गेली. त्यापुढची हलती फळीही गेली. तिसऱ्या खड्ड्यात पडली, पण ती तिनं घाईत आधीच दाबलं म्हणून. त्याला ते स्पष्ट दिसलं. दाबलं की पाय सुटत होता. मध्ये केसभरही जागा नव्हती. इतकी सुंदर उडी त्यानं आजवर कुठल्याच गेममध्ये पाहिली नव्हती.

‘आणि हिला उशिरा उडते म्हणतोस होय? दाबल्या दाबल्या उडते बिचारी! उगाच नावं ठेवतोस तिला.’ ती हरखून गेली होती. ‘थांब, आता तो वरचा कडा बघते. ए, सांग ना, इकडं की तिकडं?’

तो सांगेना, तेव्हा तिनं वळून पाहिलं. तो तिच्या अंगठ्याकडं बघत होता आणि रडत होता. आवाज न करता, तोंड न झाकता. त्याचा डावा हात उजव्या हातावर होता.

तिनं कंट्रोलर खाली ठेवला. सासऱ्यांना शेवटची कितीतरी वर्षं तिनंच भरवलं होतं, तिनंच बटणं लावली होती. तिला कुणी काही समजवायची गरज नव्हती.

‘बाबांसारखं?’ तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. ती जवळ सरकली आणि त्याचा तो हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. ‘डॉक्टरकडं जाऊ. आता औषधं पुष्कळ निघालीत,’ ती म्हणाली. पडद्यावर शेळी उभीच होती, कुणी दाबायची वाट बघत.

लेख त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी बदलला. एकेक अक्षर हुडकत, डाव्या हातानं टंकत. देखाव्यांबद्दलचं तसंच ठेवलं, गाण्याचं तसंच ठेवलं. उडीबद्दल लिहिलं, की नऊ भागांत ही सगळ्यात चांगली, आणि दहापैकी दहा दिले. आजवर त्यानं कुणालाच दहा दिले नव्हते.

बाईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. ‘बघ! म्हटलं होतं ना मी? चूक कबूल करायला छाती लागते हो. बरं, ऐक, सोमवारी आणखी एक गेम येतोय. उड्यांचाच. तुझ्याच पत्त्यावर पाठवते.’

‘नको बाई. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.’

‘का रे? आणि त्याच्या पुढचा?’

‘तोही दुसऱ्या कुणाला द्या.’

‘अरे देवा! रुसलास की काय माझ्यावर? काल दोन शब्द जास्त बोलले म्हणून?’

बायको दारात उभी होती. डॉक्टरची वेळ झाली होती आणि त्याच्या शर्टाची वरची दोन बटणं लावायची राहिली होती.

‘हो,’ तो म्हणाला. ‘रुसलोय असंच समजा.’

बाई मनापासून हसल्या. ‘बरं बाबा, राग उतरला की फोन कर,’ म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.