आवाज येईना

दहावीच्या वर्षी माझा अभ्यास किती झाला, हे आमच्या घरात माझ्या आवाजावरून ठरायचं. दौंडला रेल्वे क्वार्टर्सची आमची लाइन. दिवेलागणीला दारोदारची पोरं पुस्तकं घेऊन जी ओरडायला लागायची, ती थेट जेवणापर्यंत. कट्ट्यावर बसलेली बापमंडळी कुणाचं पोर हुशार ते तिथूनच ठरवायची. ज्याचा गळा मोठा तो हुशार! शेजारचा मुलगा इतिहास असा ओरडायचा की खुराड्यातल्या कोंबड्या फडफडायच्या. त्याचं केवढं कौतुक.

माझे वडील, आप्पा, रेल्वेत सांधेवाले, गाडीसाठी रूळ बदलून देणारे. ड्यूटीवरून आले की बूट काढता काढता पहिलं वाक्य, "आवाज येईना?" मग मी ओरडायचे. तोंड चालू आणि डोकं बंद. पान संपलं की वर काय वाचलं ते मला ठाऊक नसायचं. सहामाहीत प्रश्न जरा फिरवून आले आणि मी तोंडावर आपटले.

त्यावर आप्पांचा इलाज काय? "अजून मोठ्यानं वाच. न्हाईतर अकरावीचं नाव काढायचं न्हाई. कासुर्डीला आत्याकडं जायचं, कांदे खुरपायला."

माझा नुसता संताप झाला. मला अकरावीला जायचंच होतं, आणि ज्या ओरडण्यानं माझा घात केला तेच आप्पा वाढवून मागत होते.

पुढं थंडीत माझा घसा बसला. नाइलाजानं मनात वाचायला लागले. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचं, काय कळलं ते आपल्याच शब्दांत मनाशी सांगायचं. अडलं तर परत उघडायचं. सकाळी भांडी घासताना कालचा धडा आठवून बघितला, तर होता की जागेवर! मी हरखूनच गेले.

घसा मोकळा झाला तरी मी गप्पच वाचत राहिले. आप्पांना वाटलं, ही पुस्तकासमोर झोपा काढते. "तुम्ही विचारून तरी बघा," मी म्हणाले. त्यांनी विज्ञानाचं पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवलं. झाडं अन्न कसं तयार करतात ते मी सांगायला लागले. बोट जागचं हलेना.

"पुस्तकात असं न्हाई."

"अर्थ तोच हाय की!"

"पर असं न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "आप्पा, गाडी यायची असती, सांधा बदलायचा असतो, तवा तुम्ही नियमाचं पुस्तक पाठ म्हणत बसता व्हय?"

आई स्वयंपाकघरातून धावत आली. आता मार बसणार, असंच मला वाटलं. आप्पांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "बोर्डाचा निकाल लागू दे. मंग बघू."

मी मनात वाचूनच परीक्षा दिली. फर्स्ट क्लास आला, आणि आप्पा स्वतः अकरावीचा फॉर्म घेऊन आले. मी त्यांना सगळं माफ करणार होते. तेवढ्यात शेजारचे काका पेढा घेताना म्हणाले, "पोरीनं अभ्यास कसा केला हो?"

"मोठ्यानं वाचून घेतलं तिच्याकडनं," आप्पा म्हणाले. "आवाज कमी हूच दिला न्हाई."

मी पेढ्यांचं ताट खाली आदळलं. "खोटं हाय!" अख्खी लाइन दारात आली. "मी मनात वाचलं! म्हणून पास झाले!"

आप्पांनी शांतपणे पेढा तोंडात टाकला.

"बघा," ते काकांना म्हणाले, "हाय का न्हाई आवाज?"