तिचे बड्स कोणाचे

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे जळगावात एका मोबाईलच्या दुकानात उभं राहून तिच्यासाठी बड्स निवडले आणि बसनं घरी आलो. बड्स म्हणजे ते बिनवायरचे, कानात खोचायचे. पोरं घालून हिंडतात आणि रस्त्यानं एकटीच बोलत जातात, ते. पोळ्या लाटणाऱ्या म्हाताऱ्या बाईला ते कशाला, असं दुकानातल्या गिऱ्हाइकांनी विचारलं. घरून निघताना मीही विचारलं होतं.

कारण असं. आम्ही नशिराबादला राहतो. ती जळगावात एका मेसवर पोळ्या लाटायला जायची, मी डाळ मिलच्या गेटवर बसतो. सकाळी एकाच बसनं निघायचो. पूर्वी बसमध्ये इंजिनाचा आणि माणसांचा आवाज असायचा, तो चालतो. आता प्रत्येकाच्या हातात फोन. एक जण भाषण लावतो, दुसरा पिक्चरमधली मारामारी, तिसऱ्याच्या फोनवर कोणाचंतरी भांडण, आणि सगळं एकदम, मोठ्यानं. आवाज कमी कर म्हटलं की, "आबा, तुमची घरची बस आहे का?" मी यावरून भांडलो आहे. भांडून आवाज कमी होत नाही, त्यात आपलाच वाढतो. मला त्याचं काही वाटायचं नाही, माझं आयुष्य मिलच्या आवाजात गेलं. तिचं मात्र डोकं धरायचं. पदर कानावरून घट्ट ओढायची. कापूस घालून पाहिला. मेसवर जेवायला येणाऱ्या एका मुलीनं आपले बड्स तिच्या कानात घालून दाखवले, आणि मग तिनं माझ्यामागं धोशा लावला.

दुकानदार बोलायला चांगला होता. म्हणाला, "मावशी, काय ऐकणार? भजनं का जुनी गाणी? त्याप्रमाणं दाखवतो."

ती माहेरची धुळ्याकडची. तिकडची बोली तिनं कधी सोडली नाही. म्हणाली, "माले काहीच ऐकानं नही शे."

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "बरोबर सांगतेय ती. तिला गप्प बसायचंय. लोक बसू देत नाहीत."

त्यानं पहिला डबा काढला. वर लिहिलेलं की गोंगाट घालवतो. तिनं घातले, तर सगळं तसंच ऐकू येत होतं. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "यात फोनवर बोलताना समोरच्याला तुमच्याकडचा गोंगाट कमी ऐकू येतो. तुमच्या कानाला नाही."

"मग हे समोरच्यानं घ्यावेत," मी म्हणालो.

आपल्या कानाला शांत करणारे वेगळे निघाले, आणि महाग. त्यातही एक जोडी तिच्या कानातून निसटायची. दुसरी घालून ती दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली, रस्त्याकडं तोंड करून. संध्याकाळची वेळ, रिक्षा, हॉर्न, काही विचारू नका. मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"रोज काय बोलतस?"

मी मिलमधलं काहीतरी सांगायला लागलो. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग आत जाऊन दुकानदाराला म्हणाली, "गाड्यास्ना आवाज गया. यास्ना अजून येस. दुसरं दखाड."

दुकानातले सगळे हसले. दुकानदार म्हणाला, "मावशी, नवऱ्याचा आवाज बंद करणारं मशीन अजून कंपनीनं काढलं नाही." पण काढलं होतं. पुढची जोडी घालून ती पायरीवर गेली, आणि मी तिच्या पाठीमागं उभा राहून चांगल्या मोठ्या आवाजात म्हणालो, "तुझ्या माहेरचं एकही माणूस कामाचं नाही." लग्न झाल्यापासून हे वाक्य तिनं एकदाही फुकट जाऊ दिलं नव्हतं. ती रस्त्याकडं बघत राहिली. मग वळून म्हणाली, "हाई दे."

दुकानदारानं ते माझ्या फोनला जोडून दिले. फोन जवळ नसला तर थोड्या वेळानं बड्स आपोआप बंद पडतात, म्हणाला. घरी येताना फोन माझ्या खिशात आणि बड्स तिच्या कानात, असे आलो. पुढच्या सीटवर एकाची कव्वाली चालू होती. ती खिडकीतून बाहेर बघत होती, हात मांडीवर. पदर कानावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली आणि तिला दवाखान्यात घातलं. ती आठवडाभर होती. जनरल वॉर्ड बसपेक्षा वाईट. कोणी कण्हतंय, कोणाचे नातेवाईक डबा उघडून भांडताहेत, लोखंडी गाडी खडखडत येते-जाते. तिनं बड्स मागितले. फोन तिच्या उशाशी ठेवायचा आणि मी स्टुलावर बसायचं. सिस्टर म्हणाली, "आजी, गाणी ऐकता का?" मी सांगितलं, ती काहीच ऐकत नाही. सिस्टरला वाटलं, मी बायकोची तक्रार करतोय.

बोलायचं असलं की मी तिच्या दंडाला बोट लावायचो. ती एक बड काढायची.

"काय?"

"चहा घेतेस?"

"नको." की परत घालायची.

डोळे मिटून पडायची. चेहऱ्यावर आठी नसायची. वॉर्डात सगळ्यांची तोंडं वाकडी आणि ही एकटी सरळ. मला वाटलं, आत हिला काय ऐकू येत असेल? दुकानात सगळे बड्स तिनंच घालून पाहिले, मी नुसता बोलत होतो. म्हणालो, "दे जरा, मीही बघतो." ती म्हणाली, "घर गयावर घाला."

घरी ती गेली नाही. न्यावी लागली.

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटायच्या दिवशी बायका आतल्या खोलीत तिच्या वस्तू घेऊन बसल्या. मी दाराशी होतो. आमच्या घरात असं आहे की बाई गेली की तिच्या अंगावर घालायचं ते लेकीला जातं आणि घरात वापरायचं ते सुनेकडं राहतं. वाटणी करायला माझी मोठी बहीण. तिला सगळे अक्का म्हणतात आणि तिच्यापुढं कोणी बोलत नाही. बाळ्या, अंगठी, घड्याळ लेकीला दिलं. पातेली, मिक्सर, शिलाई मशीन सुनेला. मग बड्सची डबी निघाली.

"हे काय गं?"

सून म्हणाली, "मोबाईलचं सामान आहे, अक्का. घरातच राहू द्या."

"चालवतात कसं?"

"कानात घालतात."

"कानात घालतात म्हणजे अंगावर घालायचं झालं. लेकीचं."

"अहो अक्का, पण ते चार्जिंग करावं लागतं!"

"आणि बाळ्यांना पॉलिश करावं लागतं. म्हणून त्या काय भांडी होतात?"

सुनेनं डबी लेकीपुढं सरकवली. लेकीनं डबी पिशवीत टाकली. मी दाराशीच उभा. "ते मला ठेवा," एवढंच म्हणायचं होतं. मी काही मुखदुर्बळ माणूस नाही. गावात मला बघून लोक रस्ता बदलतात, कारण मी तोंडावर बोलतो. पण खोलीभर बायका, मध्ये तिच्या साड्यांचा ढीग, आणि म्हातारा बायकोची वस्तू मागतोय, हे माझ्याच्यानं झालं नाही. लेक धुळ्याला निघून गेली. बड्स गेले.

मी कामावर परत जायला लागलो. बस तीच. पहिल्यांदा लोकांनी विचारपूस केली, मग परत फोन लावले. आवाजाचा त्रास मला आधी नव्हता, तेव्हाही झाला नाही, खोटं कशाला सांगू? पण मी रोज त्या सीटवर बसून एकच विचार करायचो, की ती वॉर्डात आठवडाभर पडली होती ती कशात पडली होती? मी हाताच्या अंतरावर बसलेलो आणि मला ठाऊक नाही. नवीन जोडी घेता आली असती. दुकानासमोरून दोनदा गेलोही. पण ती दुसरीच झाली असती. तिनं "घर गयावर घाला" म्हटलं ते दुकानातल्या कोणत्याही जोडीबद्दल नव्हतं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी धुळ्याची बस धरली.

लेकीच्या घरी बाहेरच्या खोलीत तिची सासू टीव्ही बघत होती. विहीणबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळं सगळ्या गल्लीला नीट ऐकू येतं. त्यांच्याशी ओरडून दोन शब्द बोललो आणि आत गेलो. लेक ओट्याशी पाठमोरी उभी होती, भाकरी थापत. हाक मारली. परत मारली. तेव्हा लक्षात आलं, घातलेत. समोर जाऊन उभा राहिलो तशी ती दचकली.

"आबा! तुम्ही कधी आले?"

"तुझ्या सासूच्या मालिकेत एक जण मेला, तेव्हा."

ती हसली, कानातले काढले आणि ओट्यावर ठेवले, पिठाच्या हातानंच. "आईनं सुटका केली बघा माझी. नाहीतर दिवसभर तो टीव्ही..."

झालं. आता मागायचं कसं? शेवभाजी खाल्ली, ताक प्यायलो, नातवंडांची चौकशी केली, जावयाला भेटलो. निघायला म्हणून चपला घातल्या. लेक दारापर्यंत आली. तिथं एकदाचं तोंडातून निघालं.

"ते बड्स मला पाहिजेत."

"कशाला? मिलवर?"

"बसमध्ये."

"तुम्हाला कुठं आवाजाचा त्रास होतो, आबा? तुम्ही तर मिलच्या आवाजात झोपायचे."

"होत नाही."

"मग?"

"मला घालून बघायचेत. मी दवाखान्यात मागितले होते. घरी गेल्यावर घाला म्हणाली."

लेकीनं मागं वळून आत बघितलं. आतून टीव्हीचा आवाज येत होता. मग म्हणाली, "त्या दिवशीच आत्यासमोर का नाही बोलले?"

"सगळ्या बसल्या होत्या."

"माझ्या लग्नात भर मांडवात माझ्या सासऱ्यांना बोलले होते तुम्ही. जेवण त्यांच्याकडं होतं, तर वरणात पाणी आहे म्हणून."

"ते सोपं होतं."

ती आत गेली आणि डबी घेऊन आली. माझ्या हातात देताना म्हणाली, "आत्ताच घालून बघा की. आमचा टीव्ही तुमच्या बसपेक्षा भारी आहे." पण डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी म्हणालो, इथं नको. आणि मग म्हणालो, "चल, तुला दुसरे घेऊन देतो." ती नको म्हणाली, मी आधीच पायरी उतरलो होतो.

धुळ्याच्या दुकानात तिनं निवडले. तिचं वेगळंच. आईला सगळा आवाज बंद पाहिजे होता, लेकीला टीव्ही बंद पाहिजे पण सासूची हाक आली पाहिजे. दुकानदार म्हणाला, तसे येतात, बोट लावलं की बाहेरचं थोडं आत सोडतात. मी म्हणालो, "हाक ऐकायचीच आहे तर घेते कशाला?"

"हाक नाही ऐकली तर घरात जो आवाज होईल ना आबा, तो कोणत्याच बड्सनं जाणार नाही."

तिनं आईचे बड्स आपल्या फोनवरून काढून परत माझ्या फोनला जोडून दिले, आणि मला स्टँडवर सोडलं. येताना बसमध्ये मी ते घातले नाहीत. अंधार पडत आला होता आणि अर्धी बस झोपलेली होती. शांतच होतं, कशात काय कळणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, चहा केला आणि डबी उघडली. कानात घालून पाहिले तर राहीनात, मान हलवली की खाली. तिचे कान लहान होते, म्हणून टोकाला बारीक रबर लावलेलं. मोठी रबरं खोक्यात होती. सुनेनं खोकं फेकलं नव्हतं, ते बरं झालं. बारीक रबरं ओढून काढली. त्यावर थोडा मळ होता. तिचा का लेकीचा, कळायला मार्ग नाही. पुसला नाही. ती रबरं मोठ्यांच्या पुडीत घालून पुडी खोक्यात ठेवली, आणि मोठी बसवली.

बस नेहमीसारखी भरलेली. मागं कोणाचंतरी भाषण चालू होतं. खिडकीची जागा मिळाली. फोन खिशात ठेवला आणि दोन्ही बड्स घातले. आधी भाषण लांब गेलं, मग इंजिन खाली बसल्यासारखं झालं. माणसांची तोंडं हलत होती. अगदी काहीच ऐकू येत नाही असं नाही. स्वतःचा श्वास येतो. आत जातो, बाहेर येतो, तेवढं.

मी रोज अजिंठा चौफुलीला उतरतो. त्या दिवशी चौफुली आली, ओळखीचा कंडक्टर हातानं खूण करत होता, आणि मी बसून राहिलो. बस पार स्टँडवर गेली. तिथं सगळे उतरल्यावर उतरलो आणि मिलपर्यंत उलटा चालत आलो. उशीर झाला. मालकानं विचारलं तेव्हा सांगितलं, बसमध्ये बसलो होतो.