चिलटाचा डोळा

ओट्यावरच्या काळ्या पडलेल्या केळ्यांवर चिलटं जमली, की मी फडका उगारते आणि थांबते. माझी लेक प्रयोगशाळेत याच चिलटांच्या डोळ्यांचा अभ्यास करते. सुट्टीत आली तेव्हा तिने भिंगाखाली एक लालचुटूक डोळा दाखवला, मधाच्या पोळ्यासारखा रेखीव.

"आई, डोळा घडताना पेशी जरा जास्तच होतात. जिला शेजारणींकडून 'राहा' असा निरोप येतो, ती जगते."

"आणि नाही आला तर?"

"मग ती आपणहून मिटते. म्हणून तर डोळा इतका नीट होतो."

मला मात्र त्या मिटलेल्यांचंच वाईट वाटत राहिलं.

आता लेक परत गेलीय आणि घरात मी एकटीच. रोज दिवेलागणीनंतर तिचा फोन येतो. "आई, जेवलीस का?"

जेवलेली नसले, तर उठून कुकर लावते.