माईकच्या वायरीला मारलेली गाठ

आमचे हे, त्रिंबक, एकतीस वर्षं शहराच्या पूर्व भागात टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला होते. तुटलेला धागा सांधून माग पुन्हा चालू करायला त्यांना दोन श्वास पुरायचे. गाठ इतकी बारीक, की टॉवेलवरून हात फिरवला तरी लागायची नाही. त्या कामावर घर चाललं, आणि कापसाच्या तुसानं छातीत खोकलाही कायमचा राहिला. आता घरीच असतात. "मला कोण काय विचारतंय," हे रोजचं.

आज दुपारी तीनला त्यांचाच पाय वायरीत अडकला. आमची लेक संघप्रिया चारच्या मुलाखतीची तयारी करत होती. घरी बसून फोनवर बोलायची नोकरी, म्हणून हेडसेट लावूनच बोलायचं ही कंपनीची अट. लॅपटॉप जुना, त्याचा स्वतःचा माईक बंद. हेडसेटची वायर मधोमध तुटली. नवी पेठेच्या बाजारातून नवा आणेपर्यंत चार वाजून गेले असते.

पोरीच्या डोळ्यांत पाणी. हे म्हणाले, "आण हिकडं. धागाच हाय की."

वरचं रबर सोललं. आत लाल, हिरव्या, तांबूस रंगाच्या केसासारख्या तारा. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी रंगाला रंग जुळवून मागावरच्या गाठी मारल्या. ओढून दाखवलं, "बघ, तुटतीय का."

तुटली नाही. पण आवाजही लॅपटॉपात गेला नाही.

"पप्पा, गाठ पक्की हाय, पण आवाज जाईना." तिनं मोबाईलवर शोधलं. तारांवरचा रंग म्हणजे पातळ लेप होता. तो जाळून आतलं तांबं उघडं केल्याशिवाय तार तारेला लागतच नाही.

"म्हणजे ह्या गाठी कापायच्या?" यांनी गाठींवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "आजवर मी मारलेली गाठ मी कधी कापली न्हाय." आणि कात्री मागितली.

जाळायला काडेपेटीतल्या दोनच काड्या राहिलेल्या. बुद्धांच्या फोटोपुढं सकाळच्या वंदनेची अर्धी मेणबत्ती होती. ती दुसऱ्या कामाला लावू नये असं मी मानते. हात जोडले आणि आणून दिली. टोकं जळली, यांनी काजळी पुसली, तारा पिळून वर चिकटपट्टी लावली.

"हॅलो," संघप्रिया म्हणाली. आवाज लॅपटॉपात गेला. पण जोड जरा हलला की खरखर यायची. चाराला पाच मिनिटं कमी.

"मी धरतो," म्हणून हे टेबलाखाली फरशीवर बसले, जोड दोन बोटांत धरून.

वीस मिनिटं ती इंग्रजीतून बोलत होती. माझं सगळं लक्ष खाली. यांचा चेहरा लालबुंद झालेला, गळ्याची शीर फुगलेली, टॉवेल तोंडात कोंबलेला. खोकला आवरत होते. मी दारात उभी राहून मनात त्रिशरण म्हणत होते.

ती शेवटी म्हणाली, "थँक्यू, मॅडम. पप्पा, झालं."

तरी हे हलले नाहीत. टॉवेल काढून कसंबसं विचारलं, "त्यांनी फोन ठिवला का नक्की?"

"ठेवला. आवाज स्पष्ट येतोय म्हणाल्या. उद्या कळवतील. सोडा की आता."

मग खोकले. लई खोकले. संघप्रिया खाली बसून पाठ चोळत होती. जोड मात्र अजून त्यांच्या बोटांतच होता.