न घेतलेला तिरंदाज

सायकली दुरुस्त करणारे मामा दुपारी दुकानाचं शटर ओढत आणि घरी संगणकावरच्या खेळात टोळीचे नायक होत. पलीकडच्या खोलीतून त्यांची थोरली बहीण, ताई, त्याच टोळीतल्या जखमींना बरं करायची. टोळीला एक ड्रॅगन मारायचा होता, पण सगळ्यांचे वार मिळूनही जोर जरासा कमीच पडे.

एकदा एक नावाजलेला तिरंदाज टोळीत यायला तयार झाला. नव्या गड्यासाठी मामांची परीक्षा ठरलेली असे: ऐन लढाईत ते ओरडत, "हात आवर!" कारण एकाचेच वार अति झाले की ड्रॅगन पुढे वार झेलणाऱ्या ढालवाल्याला सोडून त्या मारणाऱ्यावरच उलटे. तिरंदाजाचे बाण जबरदस्त होते, पण गडी थांबेचना. ड्रॅगन उलटला आणि खेळात तिरंदाजाच्या शेजारी उभी असलेली ताई जळून खाक झाली. मामांनी त्याला नारळ दिला.

"अरे, ड्रॅगन मारायचाय की सोयरीक जुळवायचीय?" ताई भिंतीपलीकडून कडाडली.

ड्रॅगन काही मेला नाही. पुढे तो खेळच बंद पडला. ताई आता दूर राहते. फोनवर अजून टोमणा मारते, "त्याला घेतला असतास, तर मेला असता रे ड्रॅगन."

"आणि रोज तूही," मामा म्हणतात. मग बराच वेळ दोघंही फोन ठेवत नाहीत.