राज्यपालांच्या भाषणातला इंजिनिअर

राज्यपाल होण्याआधी ते आमचे मानलेले भाऊजी होते. समुद्रातल्या तेलविहिरींना मशिनरी पुरवणारी त्यांची कंपनी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला होती आणि माझा नवरा त्यांचा पहिला इंजिनिअर. त्यांची बायको-मुलं पुण्यात, त्यामुळे दर रविवारी ते आमच्याकडे जेवायला असायचे. आमच्या मुलीचं नावसुद्धा त्यांनीच सुचवलं.

एका रविवारी जेवताना नवऱ्याने त्यांना सांगितलं, की यार्डातला एक पंप प्रेशर धरत नाही, तो बंद ठेवायला हवा. मी समोरच बसले होते. भाऊजी म्हणाले, "एवढी ऑर्डर जाऊ दे, मग बदलू." नवऱ्याने पुन्हा सांगून पाहिलं, तर त्यांनी विषय क्रिकेटवर नेला.

त्याच आठवड्यात पंप फुटला आणि एका स्कॉटिश फिटरचा डोळा गेला. चौकशीत भाऊजींनी शांतपणे सांगितलं, की पंपाबद्दल आपल्याशी कोणीच बोललं नव्हतं. मी सॉलिसिटरला सगळं सांगितलं, पण बायकोच्या साक्षीला फारसं वजन नसतं, असं त्याने समजावलं. दोष नवऱ्यावर आला, नोकरी गेली आणि तेलाच्या धंद्यात त्याला मग कोणी उभं केलं नाही. आम्ही ग्लासगोला आलो, तो कॉलेजात गणित शिकवू लागला. भाऊजी फोन करतील, असं त्याला फार दिवस वाटत होतं. फोन वाजला की तोच आधी उठायचा.

पुढे भाऊजी कंपनी विकून भारतात परतले, राजकारणात गेले आणि एका राज्याचे राज्यपाल झाले. आम्हाला ते बातम्यांतून कळलं.

गेल्या वर्षी ते लंडनला आले, तेव्हा ईलिंगच्या मराठी मंडळींनी त्यांचा सत्कार ठेवला. मुलगी तिथेच राहते. आम्हाला आनंद होईल म्हणून तिने आमच्या जागा राखून ठेवल्या. यातलं तिला काहीच माहीत नव्हतं, नवऱ्याने मला कधी सांगू दिलं नव्हतं.

भाषणात राज्यपाल म्हणाले, "माझ्या एका इंजिनिअरच्या चुकीने एका कामगाराचा डोळा गेला. पण मी माणूस तोडला नाही."

टाळ्या पडल्या. मुलगीही टाळ्या वाजवत होती.

नंतर तिने आम्हाला फोटोसाठी पुढे नेलं. त्यांनी ओळखलं, "वहिनी" म्हणून हात जोडले. मी म्हटलं, "भाऊजी, त्या रविवारी टेबलाशी मीही होते."

"आता एवढ्या वर्षांनी ते कशाला, वहिनी?" ते हळू आवाजात म्हणाले.

तेव्हा नवरा बोलला. "माणूस तोडला नाही म्हणालात. मी तर कितीतरी दिवस तुमच्या फोनची वाट बघत होतो."

राज्यपाल पुढच्या पाहुण्यांकडे वळले.

बाहेर आल्यावर मुलीने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "बाबा, तो इंजिनिअर तू होतास?"

त्याने होय म्हटलं.

"मग ही गोष्ट तू मला कधीच का नाही सांगितला?"

घरी जाऊन त्याने तिला सगळं सांगितलं, एकही शब्द सुटू नये म्हणून इंग्लिशमध्ये. सांगता सांगता तो रडला. नोकरीचं दुःख कधीच सरलं होतं, म्हणाला. त्याला दर रविवारी आमच्याकडे जेवायला येणारा तो माणूस विसरता आला नव्हता. हे मीसुद्धा त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.