मान विसरलेला नवरदेव

पावडरीचा डबा उघडला की त्या गोडसर वासासरशी मला एक पांढरंफटक तोंड आठवतं. मिठाचा सत्याग्रह नुकताच होऊन गेला होता आणि मुंबईचा एक कारकून मला बघायला रत्नागिरीला येणार होता. माझ्या गालावरचा भाजल्याचा डाग झाकायला मामी डबा घेऊनच आली. "आधी डागावर चंदन थोपट, मग पावडर. चोळू नको गो, भिंत सारवत नाहीयेस. आणि मान विसरू नको," हे तिने मला दिवसभर घोकायला लावलं. पाहुणा घाटी चढून घामाघूम होऊन आला. गलबताच्या बुडाला चुना फासावा तशी तोंडावर पावडर, मान तव्यासारखी काळी, आणि घामाच्या ओघळांतून देवीचे वण डोकं वर काढत होते. एकेकात चिंचोका मावला असता. त्याची आई म्हणाली, "मुलीच्या गालावर डाग दिसतो. आमच्या मुलाला शोभणार नाही, पण घेऊ करून." माझे वडील होकार द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी डबा त्या कारकुनापुढे ठेवला. "तुमची मान राहिली हो. मामी शिकवील." स्थळ मोडलं, आणि वडिलांनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला. म्हातारपणी सगळ्यांना क्षमा करावी म्हणतात. त्या ध्यानाला मी अजून केलेली नाही.